आजचं फूल आज

परळीहून बीडच्या रस्त्याला लागलं की पांगरीच्या पुढे सिरसाळा येतं. हे बाजाराचं गाव. भोवतालच्या खेड्यांचा कापूस, सोयाबीन, खत-बियाणं, दवाखाना, लग्नाचा बस्ता, सगळं इथेच उरकतं. या बाजारात साठाहून अधिक वर्षं फुलं विकत बसलेल्या आणि नव्वदी ओलांडून गेलेल्या एका माणसाविषयी मी लिहितो आहे. नाव देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. गावाला ते मामा म्हणूनच माहीत होते. आजोबा, मुलगा आणि नातू असे तिघेही त्यांना मामाच म्हणत.

शाळेत असताना मी त्यांच्या फळीवर बसून हार केले, त्या पैशांत वह्या-पुस्तकं घेतली, पुढे स्वतःचं फुलांचं दुकान टाकलं. त्यांच्याजवळ जे शिकलो ते आठवेल तसं मांडतो.

१. फूल उद्यावर ढकलता येत नाही.

किराणा दुकानातली साखर महिनाभर पोत्यात राहते, कापडाचा तागा वर्षभर फळीवर राहतो. फुलवाल्याचा माल सकाळी येतो आणि रात्रीपर्यंत विकला तर विकला, नाहीतर नासला. मोगरा, काकडा यांची कळी मिटलेली असतानाच गजरा झाला पाहिजे. गुलाब एका दिवसाचा सोबती. निशिगंध थोडा अधिक तग धरतो. शेवंती आणि झेंडू दोन-तीन दिवस निभावतात, पण झेंडू भिजलेला आला तर आतून कुजतो. वरून तसाच केशरी दिसतो आणि बोंड दाबलं की पाणी सुटतं. म्हणून पाटी उतरवून घेताना मामा आधी तळाशी हात घालायचे. “वरली फुलं समद्यांचीच चांगली असत्यात,” म्हणायचे.

हा नेम त्यांनी फुलांपुरता ठेवला नाही. शेतकऱ्याचे पैसे त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत. कुणाच्या घरी जायचं असेल, आजाऱ्याला भेटायचं असेल, कुणाशी बोलाचाली झाली असेल, तर तेही त्याच दिवशी. उरलेले गजरे रात्रभर झाकून ठेवायचे आणि सकाळी पाणी मारून ताजे म्हणून द्यायचे, ही या धंद्यातली जुनी खोड आहे. मामा उरलेलं सगळं दुकान बंद करताना वाटून टाकत. शेजारच्या घरी, शेवटची गाडी चुकून स्टँडवर अडकलेल्या बायांना, वाटेवरच्या देवळात. सुकलेलं तुळशीच्या बुडाशी. सकाळी त्यांची टोपली कायम रिकामी असायची, आणि धंदा म्हणून पाहिलं तरी त्यातच त्यांचा फायदा होता. मामांकडचं फूल शिळं नसतं ही खात्री गावाला होती, त्यामुळे शेजारी दुसरं दुकान निघालं तरी गिऱ्हाईक हललं नाही.

२. हाताला घाई लावायची नाही.

“चिमटीत धर, मुठीत नको.” माझा पहिला धडा हाच. मोगऱ्याच्या गजऱ्याला सुई लागत नाही. केळीच्या सोपाचा धागा ओला करून घ्यायचा, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, देठाला देठ लावून गाठ मारत जायची. गाठ सैल पडली तर गजरा वेणीतच सुटतो, आवळली तर देठ तुटतो. झेंडू सुईचा. शेवंतीच्या हारात मध्ये हिरवा मरवा किंवा दवणा आला की हार भरतो आणि वासही येतो. नवरीचा हार वेगळा, फोटोचा वेगळा, पोळ्याच्या बैलाचा वेगळा. बैल मान झाडतो, त्याच्या हाराला जाड दोरा आणि बुटकी गुंफण लागते.

पुडी ते पळसाच्या पानातच बांधायचे. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा बाजारात सगळ्यांची धांदल उडाली. मामांना काही बदलावं लागलं नाही.

३. काही नसेल तेव्हा जे आहे ते न्यावं.

मामांचा जन्म निजामाच्या राज्यातला. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. सुरुवातीला त्यांच्या गल्ल्यात निजामाचा हाली शिक्का आणि भारत सरकारचा कलदार अशी दोन्ही नाणी पडत, आणि त्यांचा हिशेब ते म्हातारपणीही तोंडी करून दाखवत.

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात कठीण काळ मात्र १९७२ चा दुष्काळ. विहिरी आटल्या, फुलांची रोपं जळाली, मळ्यात झेंडूचं बी धरायलाही रोप राहिलं नाही. मामा-मामी दोघं दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. वाट्याला येणारी सुकडी आणि बाहेरून आलेला तांबडा मिलो, त्यावर घर चाललं. फुलवाल्याकडे विकायला फूल नाही, तर दुकान उघडायचं कशाला? मामा तरीही पहाटे उठत आणि बांधावरची रुई तोडून आणत. रुईला दुष्काळ लागत नाही, गुराढोरांचं तोंडही तिला लागत नाही. शनिवारी मारुतीला रुईची माळ आणि सोमवारी कुठे मिळालाच तर बेल. पैसे मिळत नसत, कारण द्यायला कुणाकडेच नव्हते.

मी एकदा विचारलं, मामा, पोटाला नव्हतं तेव्हा हे कशासाठी? ते म्हणाले, “फळी मोडली असती तर पाऊस पडल्यावर म्या काय केलं असतं? आणि मारुती बी दुष्काळातच व्हता की.” पुढे २०१२-१३ आणि २०१५-१६ चे दुष्काळ आम्ही एकत्र पाहिले. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं तो उन्हाळा २०१६ चा. त्या दोन्ही वेळी माझं दुकान मी बंद ठेवलं नाही. जे मिळालं ते मांडून बसलो, आणि पहिल्या पावसानंतर गिऱ्हाईक माझ्याकडेच आलं.

४. आपलं काम हाच नेम.

मामा माळकरी. पण वारीला सहसा जात नसत, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटे. त्यांचं दैवत सावता महाराज. सोलापूर जिल्ह्यातलं मोडनिंबजवळचं अरण हे महाराजांचं गाव. सावतोबा मळ्यातलं काम सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांना भेटायला आला, अशी परंपरा सांगते. नामदेवांना चुकवून विठ्ठल सावतोबांच्या मळ्यात शिरला आणि सावतोबांनी छाती चिरून त्याला आत लपवलं, ही कथा मामा फार रंगून सांगायचे. १२९५ साली आषाढ वद्य चतुर्दशीला सावतोबा गेले. काशीबा गुरवांनी त्यांचे अभंग उतरवून ठेवले, त्यातले ३७ आज मिळतात. आणि अजूनही आषाढीनंतर पंढरपुराहून विठ्ठलाची पालखी अरणला येते. सगळे संत पंढरीला जातात, इथे पांडुरंग स्वतः भक्ताच्या गावी येतो. मामा अरणला जाऊन आले होते. मळा बघितला, म्हणायचे, आणि तेवढ्या दोन शब्दांत त्यांचा चेहरा उजळायचा.

आषाढीच्या आठवड्यात गावाला तुळशीचे हार लागतात. आषाढी गेली की श्रावण, म्हणजे बेल. परळीचं वैद्यनाथ आमच्या तालुक्याचं दैवत, श्रावणी सोमवारी तिथे रांगा लागतात. “म्या पंढरीला गेलो तर गावातल्या इठोबाला हार कोण करील?” हा त्यांचा सवाल होता. आमच्या शेजारचं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. जनाबाईंना देव दळणकांडणात भेटला, सावतोबांना मळ्यात. मामांची श्रद्धा याच घराण्यातली होती. ती मला मंदिराच्या पायरीवर कुणी सांगून कळली नसती. मामा तुळस सूर्य मावळल्यावर कधी खुडत नसत, कितीही मोठं गिऱ्हाईक आलं तरी. वैकुंठ चतुर्दशीला महादेवाला तुळस आणि विष्णूला बेल वाहतात. वर्षातून एकदाच होणारी ही अदलाबदल. त्या रात्रीच्या दोन परड्या ते आदल्या दिवशीपासून मनात धरून असत. वयाच्या ऐंशीनंतर जमिनीवर मांडी घालता येईना तेव्हा स्टुलावर बसून करायचे, पण त्या दोन परड्या स्वतःच.

५. गल्ली कुणाचीही असो, हार सारखाच भरायचा.

फुलवाल्याला गावातले सगळे सण पाठ असावे लागतात. ११ एप्रिलला महात्मा फुले, १४ एप्रिलला बाबासाहेब, १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे, मग पोळा, गणपती, देवी. उरुसाला दर्ग्यावरची फुलांची चादर, मुसलमानांच्या लग्नात नवऱ्याचा सेहरा. सेहऱ्याच्या लडी चेहऱ्यावर सारख्या पडायला हव्यात. ते काम मामा एका मुसलमान कारागिराकडून तरुणपणी शिकले होते आणि शेवटपर्यंत त्याला उस्ताद म्हणत.

मयताच्या फुलांचा भाव ते सांगत नसत. जो देईल, जेवढं देईल, तेवढं. फुलं मात्र त्या दिवशीची सगळ्यात चांगली. मीही हेच पाळतो.

६. उधारी वहीत लिहावी, तोंडावर आणू नये.

बीड जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. निघताना ट्रॅक्टरला झेंडूचा हार लागतो, नारळ लागतो. उचल घरातच खर्च झालेली असते, हाराला पैसे नसतात. मामा हार देत आणि वहीत लिहायला लावत. पाडव्याच्या सुमारास माणसं परत येत, तेव्हा पैसे येत. काही येत नसत. कुणी तिकडेच आजारी पडलं, कुणाचं बाळंतपण फडावरच झालं. मामा गाडी आली की हिशेबाआधी विचारायचे, लेकरं सगळी आली का? त्यांच्या वहीतली काही पानं कधीच खोडली गेली नाहीत. मामांनी ती फाडलीही नाहीत, वसूलही केली नाहीत.

७. हार करणाऱ्या हातात अशुभ काही नसतं.

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

मामांचा संसार मोठा होता. मामी हिशेब बघत, भांडवल त्यांच्याच हाती असे. लेकींना गंगाखेड आणि माजलगाव भागात दिलेलं. पंचमीला त्या माहेरी येत आणि श्रावणाची गर्दी असल्यामुळे माहेरपण हार करत करतच साजरं होई. ओसरीवर ओलं गोणपाट, त्यावर फुलांचा ढीग, भोवती लेकी-सुना, मधूनच पंचमीची गाणी. रात्रीचं जेवण सगळ्यांनी एका पंगतीत घ्यायचं हा मामांचा दंडक होता, आणि लग्नसराईतही तो मोडला नाही. मामी त्यांच्या आधी गेल्या.

त्यानंतर काही वर्षांनी मोठा मुलगा अचानक गेला. सून तरुण, पदरात दोन लेकरं. आमच्याकडे अशा बाईला पुढे काय असतं ते कुणाला सांगायला नको. हळदीत हात नाही, ओटीत बोलावणं नाही. गजरा करायचा तर दूरच, लग्नाच्या हाराला तिचा पदर लागला तरी लोक कुजबुजतात. मामांनी तेरावं झाल्यावर तिला फळीवर बसवलं. मागच्या खोलीत नव्हे, पुढे, गिऱ्हाईकाच्या समोर. आणि पहिलंच काम दिलं ते मुंडावळ्या आणि बाशिंगाचं.

मी तिथेच होतो. नवरीकडची एक पोक्त बाई हलक्या आवाजात म्हणाली, “मामा, तुमच्याच हातचं करून द्या की.” बाईचा हेतू वाईट नव्हता, तिला लेकीच्या लग्नाची काळजी होती. मामांनी सुईतला दोरा ओढला आणि म्हणाले, “माझी बायको जाऊन किती वर्सं झाली, तुम्हाला ठावं हाय. मी रंडकाच हाय की. माझ्या हातचं चालतंय, मग तिच्या हातचं का न चालावं?” बाई काही बोलली नाही. बाशिंग घेऊन गेली. सगळ्याच बायका अशा गेल्या नाहीत, काहींनी दुसरं दुकान धरलं, आणि त्या वर्षी लग्नसराईचा धंदा घटला. मामांनी सुनेला फळीवरून उठवलं नाही. पुढे तिच्या हातची मुंडावळी इतकी नेटकी होऊ लागली की सोडून गेलेली घरं परतली.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांसाठी परिपत्रक काढलं. पेपरात ते वाचून मी मामांना दाखवायला नेलं. त्यांना वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. ते म्हणाले, “चांगलं केलं. उशीर झाला, पर चांगलं केलं.” मग त्यांनी मला जोतिराव फुल्यांचं सांगितलं. हे घराणंही फुलांच्याच धंद्यातलं, पेशव्यांना फुलं पुरवणारं. मूळचं आडनाव गोऱ्हे, फुलांच्या धंद्यामुळे फुले झालं. त्याच घरातल्या जोतिराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. मामांनी हे कुठल्या सभेत ऐकलं होतं कुणास ठाऊक, पण ते त्यांनी मनाशी धरून ठेवलं होतं. फुलाचा धंदा करणाऱ्याने कुणाला बाजूला बसवू नये, असं त्यांचं ठाम मत होतं.

८. देऊळ बंद झालं तरी मळा बंद होत नाही.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. लग्नं थांबली, देवळं बंद झाली, ती १६ नोव्हेंबरला पाडव्याच्या दिवशी उघडली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. वैद्यनाथाचा श्रावण भाविकांविना गेला. फूलशेती करणाऱ्यांनी उभ्या पिकावर रोटाव्हेटर फिरवले. मामा दुकानात येऊ शकत नव्हते, पण ते नेहमीच्या शेतकऱ्यांना एकेक करून फोन लावायला लावत आणि विचारत, यंदा किती गेलं? मदत करायला त्यांच्याकडेही काही नव्हतं. तरी नुसतं विचारल्यानेही माणूस पुढच्या हंगामाला रोप लावतो, हे मी तेव्हा पाहिलं. मीही आता फोन करतो.

९. भावाच्या बाबतीत मी मामांच्या विरुद्ध आहे.

दसऱ्याला झेंडू महागला तरी मामा गिऱ्हाईकाला वाढीव भाव लावत नसत. शेतकऱ्याला मात्र वाढवून देत, आणि मधली तूट स्वतः सोसत. गावाने त्यांचं याबद्दल फार कौतुक केलं. मला ते पटत नाही आणि मी त्यांना तसं सांगितलंही होतं. झेंडूचं गणित फार वाईट आहे. दसऱ्याच्या सकाळी जो चढ्या भावाने जातो त्याला दुसऱ्या दिवशी कुणी विचारत नाही, बाजारात रस्त्याकडेला ढीग टाकून शेतकरी निघून जातो. पाऊस अधिक झाला तर तेवढंही हाती येत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी आणि पुराने मराठवाडा झोडपला तेव्हा झेंडू शेतातच सडला. अशा वर्षी भाव वाढणारच, आणि तो वाढीव पैसा गिऱ्हाईकाने द्यायला हवा. एका म्हाताऱ्या फुलवाल्याने तो आपल्या खिशातून का भरावा? मामा यावर हसायचे, उत्तर द्यायचे नाहीत. माझ्या दुकानात मी भाव वाढवतो आणि वाढीव रक्कम शेतकऱ्याच्या नावावर लिहितो.

१०. घेतलेलं काम पोचलं पाहिजे.

मामा गेले त्या दिवशी एका लग्नाचे हार त्यांच्या दुकानाने घेतलेले होते. घराला सुतक, म्हणजे त्या घरचं काही लग्नाला चालणार नाही. सुनेने रडतरडतच मला निरोप धाडला, सगळी फुलं, दोरा, कलाबतू माझ्याकडे पोचती केली आणि नवरा-नवरीच्या गळ्याची मापं तोंडी सांगितली. आम्ही दुकानात बसून हार केले, वेळेवर लग्नघरी दिले, मग मातीला गेलो. मातीला सगळ्या गल्ल्यांतली माणसं होती. सेहरा शिकवणाऱ्या उस्तादांचा नातूही होता.

सुतक फिटल्यावर दुकान उघडलं. आज ते सून चालवते, तिची लेक कॉलेज सांभाळून तिच्या शेजारी बसते.

आता बाजारात प्लास्टिकची फुलं भरमसाठ आली आहेत. धुतली की वर्षभर चालतात म्हणून लोक नेतात, आणि दर वर्षी एखाद्या शेतकऱ्याचा झेंडूचा वाफा कमी होतो. म्हणून तुम्हाला एक विनंती करतो. तुमच्या गावात पहाटे पाटी घेऊन बसणारी बाई किंवा बाप्या असेलच. येत्या दसऱ्याला भाव पडायची वाट बघत संध्याकाळपर्यंत थांबू नका. सकाळीच जा, सांगतील तो भाव द्या, आणि दारावर प्लास्टिकचं तोरण असेल तर ते उतरवून झेंडूचं बांधा.